एक लाखाचे पत्र

२०१२च्या पावसाळ्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला. फ्लॅटचा ताबा घेऊन दोन वर्षे झाली होती आणि आता बिल्डरचे पत्र आले होते: कराराच्या रकमेवर पाच टक्के व्हॅट भरा. करार वीस लाखांचा, म्हणजे मागणी एक लाखाची. त्या फ्लॅटसाठी भावाने अंतरवाली सराटीतली दीड एकर जमीन आधीच विकली होती. (आंदोलनामुळे आमचे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते पुढे, २०२३ साली.) या पत्राचे मूळ शोधताना मी बिल्डरांच्या संघटनेपर्यंत पोहोचलो.

‘महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री’ ही मुंबईतली संघटना १९८२ सालची. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या त्या दिवसांत मंत्रालयाच्या पायऱ्या एकेकट्याने झिजवण्यापेक्षा एकत्र जाणे बिल्डरांना सोयीचे वाटले असणार. पुढे सरकारने २० जून २००६पासून बांधकाम चालू असताना विकलेल्या फ्लॅटवर व्हॅट लावला, तेव्हा हीच संघटना उच्च न्यायालयात गेली. फ्लॅट ही स्थावर मालमत्ता आहे, तिच्यावर विक्रीकर कसा, हा तिचा मुद्दा. १० एप्रिल २०१२ रोजी याचिका फेटाळली गेली. लार्सन अँड टुब्रोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१३मध्ये कराचे तत्त्व उचलून धरले.

ही याचिका मी आधी रागानेच वाचली. मग लक्षात आले, संघटना जिंकली असती तर पुतण्याचा लाख वाचला असता. लढा त्याच्याही फायद्याचा होता; फक्त त्याला कुणी विचारले नव्हते. कर भरण्याची कायदेशीर जबाबदारी बिल्डरची. पण पुढे निघणारे सर्व कर खरेदीदाराने द्यावेत, असे एक कलम पुतण्याच्या करारात होते. खटला हरल्याचा भुर्दंड त्या एका ओळीवरून खाली घरंगळला.

१ मे २०१७ला रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. २०१८मध्ये महारेराच्या सलोखा मंचावर बिल्डर संघटनांचे आणि मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी शेजारी बसू लागले. ही व्यवस्था मला मनापासून आवडली. पण ऑक्टोबर २०१९मध्ये महारेराने आणखी एक फर्मान काढले: प्रकल्पाची नोंदणी हवी तर विकासक मान्यताप्राप्त संघटनेचा सभासद हवा, आणि मान्यता हवी तर संघटनेकडे किमान ५०० नोंदणीकृत प्रकल्प हवेत. दाद मागायला जमलेली मंडळी आता नोंदणीच्या दारावर बसली.

पुतण्याने लाख रुपये चार हप्त्यांत भरले. कराराची प्रत माझ्याकडेच आहे. ते कलम सत्तेचाळीस पानांतल्या एकतिसाव्या पानावर आहे, आणि त्या पानाखाली सही त्याचीच आहे.