थुंकीची तपासणी: सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू कसे दिसतात?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर डॉक्टर थुंकी तपासायला सांगतात. रिपोर्टवर ‘एएफबी निगेटिव्ह’ आले की अनेक जण निर्धास्त होतात आणि पुढची तपासणी टाळतात. तसे करू नका. ही तपासणी कशी होते ते पाहिले की यामागचे कारण लक्षात येईल.

साधा सूक्ष्मदर्शक

यात खालून येणारा प्रकाश काचपट्टीवरील नमुन्यातून वर जातो. नमुन्याजवळचे भिंग १०० पट मोठी प्रतिमा तयार करते आणि डोळ्याजवळचे भिंग ती आणखी १० पट वाढवते. म्हणजे एकूण १००० पट. काचेतून हवेत शिरताना प्रकाश वळतो व प्रतिमा अस्पष्ट होते, म्हणून भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब टाकतात.

टीबीचा जंतू साधारण २ ते ४ मायक्रॉन लांब असतो. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. पण तो रंगहीन असल्याने नुसता मोठा करून ओळखता येत नाही. झील-नील्सन पद्धतीत नमुन्याला लाल रंग देऊन तो आम्लाने धुतात. मेणचट आवरणामुळे हा जंतू रंग सोडत नाही. नंतर निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. याच जंतूंना ‘एएफबी’ म्हणतात.

फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक

यात ऑरामिन नावाचा रंग वापरतात. एलईडीचा निळा प्रकाश पडताच जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळसर-हिरवे चमकतात. त्यामुळे कमी मोठ्या प्रतिमेतही ते सापडतात आणि कमी वेळात नमुन्याचा जास्त भाग पाहता येतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत असतो, त्यामुळे विषाणूही दिसतात. मात्र टीबीच्या नेहमीच्या निदानासाठी त्याची गरज नसते.

निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही का?

नाही. एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असतील, तरच ते काचपट्टीवर सापडण्याची शक्यता असते. लहान मुलांत, एचआयव्हीबाधितांत आणि फुप्फुसाबाहेरच्या टीबीत हे प्रमाण कमी असू शकते. शिवाय जंतू जिवंत आहे की मृत आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे या तपासणीत कळत नाही. त्यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जनुकीय चाचण्या आणि कल्चर करतात. सीबीनॅट व ट्रूनॅट कमी जंतूही शोधतात आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो का, तेही सांगू शकतात.

नमुना देताना

• सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा.
• खोल श्वास घेऊन छातीतून खोकून बेडका काढा. नुसती लाळ नको.
• नमुना मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर जाऊन द्या.
• डबीचे झाकण घट्ट लावून ती लवकर प्रयोगशाळेत पोहोचवा.

रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे सुरूच असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि जनुकीय चाचणीबद्दल विचारा. सरकारी केंद्रांत टीबीची तपासणी व उपचार मोफत आहेत.