शिसेबाधा, बालवयातील

शिसे हा जड धातू अन्न, धूळ किंवा श्वास यांवाटे मुलांच्या शरीरात साठल्याने होणारी बाधा. रक्तातील शिसे फार वाढले तर पोटदुखी, रक्तक्षय, झटके येणे अशी लक्षणे दिसतात. बहुसंख्य मुलांत मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. मूल खाते, खेळते, वाढते. पण वर्गात लक्ष टिकत नाही, वाचन मागे पडते, आणि शाळा त्याला ‘ढ’ ठरवून मोकळी होते.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांत सुमारे दहावा हिस्सा शोषला जातो, तर लहान मुलांत जवळजवळ निम्मा. रांगत्या वयात जमिनीवरची धूळ हातावाटे तोंडात जाते, आणि मेंदूतील पेशींची जोडणी नेमकी तेव्हाच वेगाने चालू असते. अंगात लोह कमी असेल तर शिसे आणखी शोषले जाते. आपल्याकडे रक्तक्षयी बालके इतकी असताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. हाडांत शिसे कित्येक दशके राहते आणि गरोदरपणी आईच्या हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचते.

बुद्धीवरील परिणाम ठळकपणे पुढे आणला तो अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी. बॉस्टनजवळच्या दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी जमवले आणि त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचा बुद्ध्यंक कमी भरला. शिक्षकांनाही त्यांतले अनेकजण वर्गात विस्कळीत वाटत होते. हे 1979 साली प्रसिद्ध झाले. याच मुलांच्या 1990 मधील पाठपुराव्यात शाळा अर्धवट सोडणारे शिसेबाधितांत कितीतरी अधिक आढळले. निरनिराळ्या देशांतील 1,333 मुलांच्या नोंदी एकत्र तपासणाऱ्या 2005 च्या अभ्यासातून दिसले, की दर 100 मिलिलिटर रक्तामागे शिसे 2.4 वरून 10 मायक्रोग्रॅमवर गेले तर बुद्ध्यंक सुमारे 3.9 गुणांनी घटतो. 10 वरून 20 वर गेल्यास आणखी 1.9 गुणांनी. सर्वांत मोठी घसरण सुरुवातीलाच होते. त्यामुळे ‘थोडे चालते’ या म्हणण्याला आधार उरत नाही. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

नागपुरातील मुलांच्या रक्ताची डॉ. अर्चना पटेल व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे दोन तृतीयांश मुलांत शिसे 10 मायक्रोग्रॅमच्या वर होते. चेन्नईतील 3 ते 7 वयाच्या मुलांवरील 2009 च्या अभ्यासात शिसे जास्त असलेल्यांत अवधानाच्या व वर्तनाच्या तक्रारी शिक्षकांनी अधिक नोंदवल्या. देशभर शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, हे मोठेच पाऊल. तरी त्यानंतरच्या मुंबईतील पाहणीत सुमारे एक तृतीयांश मुले 10 च्या वरच होती. युनिसेफच्या 2020 च्या अंदाजानुसार 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असलेली भारतातील मुले सुमारे 27.5 कोटी आहेत.

पेट्रोल गेले, बाकीचे स्रोत घराच्या आसपासच आहेत. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमपर्यंतच असावे हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. घर गिरगावातले असो वा ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातले, त्याआधी मारलेल्या ऑइलपेंटच्या पापुद्र्यांत शिसे असू शकते. वस्तीतच जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या सर्वांत घातक. कल्हईच्या कथलात स्वस्तातले शिसे मिसळले जाते, भेसळीच्या हळदीत लेड क्रोमेट सापडते, काही सुरम्यांत शिशाचे सल्फाइड असते. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर तर शिशाचाच ऑक्साइड. नागभस्म, म्हणजे शिशाचे भस्म, असलेली औषधे मुलांना देऊ नयेत.

सक्सिमर या औषधाने रक्तातील शिसे उतरते. पण अमेरिकेतील 780 मुलांवरील चाचणीत (2001) बुद्ध्यंक काही वाढला नाही. म्हणजे गेलेले परत येत नाही. स्रोत शोधून तो तोडणे एवढेच हाती राहते. रक्तातील शिशाची तपासणी आपल्याकडे सरसकट होत नाही. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाचे डोळे आणि कान तपासतात, तशी हीही तपासणी व्हायला हवी, निदान भट्ट्यांजवळच्या शाळांत तरी. घरात जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि काम संपेपर्यंत लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना दुसरीकडे ठेवावे.