लामतुरे संग्रहालय, तेर

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय. पूर्ण नाव कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय. तेरणेकाठचे हे गाव म्हणजे सातवाहनकाळातील तगर. ‘पेरिप्लस’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार ते पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर होते. तगरहून भडोच बंदराकडे जाडेभरडे कापड आणि मलमल जात असे.

गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरची माती पावसाने वाहून गेली, की मणी, नाणी, मृण्मूर्ती उघड्या पडत. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षे जमवल्या. पुढे हा संग्रह शासनाकडे आला. उत्खननाऐवजी अशा वेचून मिळाल्यामुळे पुष्कळ वस्तू कोणत्या थरातल्या, हे कळण्यास मार्ग नाही. त्यांचा काळ घडणीवरून, किंवा १९५८ पासून येथे झालेल्या उत्खननांतील वस्तूंशी ताडून ठरवावा लागतो. अभ्यासकाला ही उणीव जाचते खरी. पण वेचणारा नसता, तर ताडून पाहायलाही काही उरले नसते.

संग्रहातील सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही अशाच मूर्तीचा भाग मिळाल्याने पाँपेईची मूर्ती याच मुलखातून गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. अशा मूर्ती आरशाची मूठ म्हणून वापरत की आसनाचा पाय म्हणून, याबद्दल एकमत नाही.

घाईत असलेला पाहुणा हस्तिदंत पाहून निघतो आणि केओलिन मातीच्या पांढऱ्या मूर्तींकडे त्याचे दुर्लक्ष होते. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळ्या साच्यांत काढून त्या जोडल्या आहेत, आतून पोकळ. कडेने निरखले, तर काहींवर सांध्याची रेघ दिसते. केशरचना आणि दागिने मात्र बारकाईने उठवलेले. संत गोरा कुंभार याच गावचे. मातीचा हा हात त्यांच्याही हजारभर वर्षे आधीचा.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट येथेच ठेवलेली आहे. मूळ विटांचे मंदिर गावात असल्याने दोन्ही एकाच फेरीत पाहावीत. त्रिविक्रम मंदिरही विटांचेच. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार असून छत गजपृष्ठाकार आहे. त्यावरून ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी मांडले. तेथे आजही पूजा चालते.