‘हरिकेन’चा माग आणि किनाऱ्याची सज्जता

अटलांटिक महासागर, कॅरेबियन समुद्र व मेक्सिकोच्या आखातात उद्भवणाऱ्या तीव्र चक्रीवादळास ‘हरिकेन’ म्हणतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्याचा हंगाम. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरवर पोहोचला की वादळाला हे नाव मिळते. सॅफिर-सिम्पसन श्रेणीतील तिसऱ्या पायरीपासून, म्हणजे ताशी १७८ किलोमीटरपासून पुढे, ते ‘मोठे’ हरिकेन गणले जाते.

वेध कसा घेतात?

मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र उपग्रहांच्या साह्याने वादळावर नजर ठेवते. वादळ किनाऱ्याकडे सरकू लागले की खास विमाने थेट त्याच्या ‘डोळ्या’पर्यंत जातात. पॅराशूट लावलेली उपकरणे खाली सोडून हवेचा दाब, तापमान, आर्द्रता व वाऱ्याचा वेग मोजला जातो. दर सहा तासांनी, तर किनाऱ्यासाठी इशारा जारी असताना दर तीन तासांनी माहितीपत्रक निघते.

नकाशावर दिसणारा शंकू केवळ वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. प्रत्यक्षात केंद्र सुमारे तीनपैकी दोन वेळाच त्या शंकूच्या आत राहते. शिवाय वारा, पाऊस व समुद्राचे उधाण केंद्रापासून दूरवर पसरलेले असते. त्यामुळे शंकूबाहेरचे गाव सुरक्षित, हा समज घातक ठरतो. २०१० पासून सोसाट्याचे वारे सुरू होण्याच्या ४८ तास आधी ‘वॉच’, तर ३६ तास आधी ‘वॉर्निंग’ देण्यात येते.

रिटा आणि आइक

ऑगस्ट २००५ मध्ये ‘कॅटरिना’ने न्यू ऑर्लिन्स बुडवले. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच ‘रिटा’ टेक्सासच्या रोखाने निघाले. धास्तावलेल्या ह्यूस्टन परिसरातून अंदाजे २५ लाख लोक एकाच वेळी बाहेर पडले. त्यांत ज्यांना हलण्याची गरज नव्हती असेही असंख्य होते. कडक उन्हात महामार्ग तुंबले, इंधन संपले. डॅलसजवळ वृद्धाश्रमातील रहिवाशांच्या बसला आग लागून २३ जण दगावले. वादळ अखेर पूर्वेकडे वळले आणि २४ सप्टेंबर रोजी टेक्सास-लुइझियाना सीमेजवळ धडकले. वादळाच्या थेट तडाख्यापेक्षा स्थलांतरातच कितीतरी अधिक बळी गेले.

सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’च्या वेळी ह्यूस्टनच्या प्रशासनाने उधाणाचा धोका असलेल्या भागांनाच हलण्यास सांगितले, इतरांनी घरीच थांबावे, असे आवाहन केले. आइक दुसऱ्या श्रेणीचेच होते, तरी बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट पाणी चढले. केवळ श्रेणीवरून पाण्याचा धोका कळत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. वाऱ्यापासून आडोसा घ्यावा, पाण्यापासून मात्र दूर जावे, हाच तेथील आपत्ती व्यवस्थापनाचा मूळ नियम आहे.

घरची तयारी

* आपला भाग स्थलांतराच्या कोणत्या विभागात मोडतो, हे हंगामापूर्वीच पाहून ठेवावे.
* माणशी रोज सुमारे चार लिटर पाणी, टिकाऊ खाद्यपदार्थ, औषधे व बॅटरीवरील रेडिओ जवळ असावा.
* खिडक्यांना प्लायवूड ठोकावे, वाहनात इंधन भरून ठेवावे, कागदपत्रे जलरोधक पिशवीत ठेवावीत.
* वीज गेल्यावर जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नये. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूने वादळ ओसरल्यानंतरही माणसे दगावतात.
* ‘डोळा’ डोक्यावरून जाताना वारा अचानक पडतो. ही शांतता फसवी असते. थोड्याच वेळात उलट दिशेने वारा सुटतो. अधिकृत सूचना येईपर्यंत बाहेर पडू नये.