नाव की ओळखचिन्ह? : वेब-फॉर्मच्या रकान्यांच्या निर्देशनाचा इतिहास (१९९५–२०१४)

वेबपृष्ठावरील फॉर्मचा रकाना वापरकर्त्यास केवळ रिकामी चौकट म्हणून दिसतो. परंतु प्रोग्रामने त्या चौकटीचा निर्देश कोणत्या पद्धतीने करावा, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

जावास्क्रिप्टपूर्व काळात भरलेला फॉर्म सर्व्हरकडे जाऊन परत येईपर्यंत साधी चूकही उमगत नसे. नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा आराखडा सिद्ध केला. प्रथम 'मोका', नंतर 'लाइव्हस्क्रिप्ट' आणि ४ डिसेंबर १९९५ च्या घोषणेपासून 'जावास्क्रिप्ट' असा तिच्या नामकरणाचा प्रवास आहे. नेव्हिगेटर २.० मध्ये 'डॉक्युमेंट.फॉर्म्स' ही फॉर्मची यादी आणि प्रत्येक फॉर्ममध्ये 'एलिमेंट्स' ही रकान्यांची यादी उपलब्ध झाली. रकान्याचा निर्देश क्रमांकाने किंवा नावाने करता येई. क्रमांकाची पद्धत बेभरवशाची होती, कारण मध्ये एक रकाना वाढविला की पुढील सर्व क्रमांक सरकत.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पृष्ठ एकदा उतरल्यावर त्यातील मजकूर बदलण्याची सोय त्या ब्राउझरमध्ये नव्हती. रकान्यातील मूल्य मात्र बदलता येई. त्यामुळे त्या काळातील पृष्ठांवर चालते घड्याळसुद्धा मजकुराच्या रकान्यातच दाखवीत. आज हे गमतीचे वाटते, पण पृष्ठावरील बदलाचे प्रमुख द्वार तेच होते.

नावाच्या पद्धतीतही घाईच्या खुणा राहिल्या. रकान्याचे नाव थेट फॉर्मचा गुणधर्म होत असल्याने, एखाद्या बटणास 'सबमिट' असे नाव दिल्यास फॉर्म पाठविणारी त्याच नावाची क्रिया झाकली जाते. कित्येक नवशिक्यांचे तास या एका शब्दापायी वाया गेले असतील!

१९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने 'डॉक्युमेंट.ऑल' आणले, तर नेटस्केपने 'लेयर्स'चा मार्ग धरला. एकाच रकान्यासाठी दुहेरी प्रोग्राम लिहिणे ओघानेच आले. डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेने १ ऑक्टोबर १९९८ रोजी डॉमची पहिली पातळी प्रसिद्ध केली आणि 'गेटएलिमेंटबायआयडी' हा समान मार्ग सुचविला. तथापि एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीपर्यंत हीच क्रिया 'आयडी'ऐवजी 'नेम' जुळले तरी तो घटक परत देत असे. हा दोष २००९ च्या आठव्या आवृत्तीत दूर झाला. २००० च्या एक्सएचटीएमएल १.० ने फॉर्मच्या 'नेम'ला कालबाह्य ठरविले, पण रकान्यांच्या 'नेम'ला हात लावला नाही. तो लावणे शक्यही नव्हते. सर्व्हरकडे माहिती जाते ती नाव आणि मूल्य अशा जोडीनेच, आणि रेडिओ बटणांच्या गटास एकच नाव असावे लागते, तर 'आयडी' प्रत्येकाचा वेगळा.

मराठीच्या दृष्टीनेही हा इतिहास परका नाही. रोमन कळफलकावरून रकान्यात देवनागरी उमटविणारे जावास्क्रिप्ट प्रोग्राम या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी संकेतस्थळांवर रूढ झाले. 'क'पुढे काना जोडायचा तर रकान्यातील कर्सरचे स्थान ठाऊक हवे. त्यासाठी मोझिलाचा 'सिलेक्शनस्टार्ट' आणि एक्सप्लोररचा 'डॉक्युमेंट.सिलेक्शन' अशा दोन वाटा सांभाळाव्या लागत. एक्सप्लोररने पहिली वाट २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत स्वीकारली.

२८ ऑक्टोबर २०१४ रोजी शिफारस म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल५ ने 'डॉक्युमेंट.फॉर्म्स' कायम ठेवले. 'डॉक्युमेंट.ऑल'ही राहिले, पण विलक्षण रूपात. ते आहे का, अशी तपासणी करून ब्राउझर ओळखणारी जुनी पृष्ठे बिघडू नयेत म्हणून, वस्तू प्रत्यक्ष हजर असूनही तिचा प्रकार विचारल्यास ब्राउझर 'अनडिफाइन्ड' असे उत्तर देतो.