माळवदावरची माती



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास मी काय लिहिणार? पण ज्या इतिहासापायी माझी शाळा सुटली, तो मला ठाऊक आहे. तोच सांगते.

माझे माहेर औसा तालुक्यातले, किल्लारीच्या अंगाला. १९९३ साली मी सातवीत होते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव उशिरा निजले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. वडिलांनी आम्हा भावंडांना अंगणात ओढले आणि मागोमाग स्वयंपाकघराची भिंत बसली. आम्ही वाचलो. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ येथे मात्र घरेच्या घरे गाडली गेली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आमच्या शाळेलाही तडे गेले. वरचे वर्ग परगावी होते. अशा दिवसांत मुलीला लांब कोण धाडणार? माझे दप्तर खुंटीला लागले ते कायमचे.

आता विचार येतो, की इतकी माणसे का गेली? धक्का होता ६.२ च्या सुमाराचा, जमिनीच्या फार खोलही नव्हता. पण जीव घेतला तो भिंतींनी. आमच्याकडे भिंती दोन-तीन हात रुंद, गोट्यांच्या आणि मातीत रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा. दोहोंना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद. ते गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. त्या मातीच्या पाट्या आई आणि मी वाहत असू. घर थंड राही, पण वर्षावर्षाने डोक्यावरचा भार वाढत होता, हे आम्हां कोणाला उमगले नाही.

भूमीने सूचना दिली नव्हती असेही नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हाच दख्खनची जमीन निश्चल नाही हे कळले होते. खुद्द किल्लारीलाही १९९२ साली धक्के बसले होते. लोक काही रात्री बाहेर निजले, मग सवय झाली आणि पुन्हा आत गेले.

आपल्या मंडळाला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढची आहे. पडझड झालेली घरे दुरुस्त करण्याच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले. माळवदाची माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, हे त्यांनी घरोघर जाऊन पटवले; गवंडी काम कसे करतो यावर नजर ठेवली. कालपर्यंत डोईवरचा पदर ढळू न देणाऱ्या या बायका २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेतल्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या.

लग्न होऊन मी उस्मानपुऱ्यात आले. इथे माळवद नाही, स्लॅब आहे. किल्लारी इथून दूर आहे. तरी २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आपली जुनी घरे, वाढवलेले मजले, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या, की मला त्या पाट्या आठवतात. म्हणून विनंती एवढीच : भिंतीला तिरपा तडा दिसला तर त्यावर नुसता रंग देऊ नका, जाणत्याला दाखवा. मजला चढवण्यापूर्वी खालचा पाया विचारा. मुले निजतात तिथे डोक्यावर माळा किंवा जड कपाट ठेवू नका.

माझी आई त्यानंतर वीस वर्षे पत्र्याखाली निजली. उन्हाळ्यात अंगाची लाही होई, पण माळवदाखाली ती पुन्हा गेली नाही. “उकडतं, पण वर काय आहे ते ठाऊक असतं,” असे ती म्हणे.