रक्तदाब, झटके आणि अंधूक दृष्टी : ‘प्रेस’ हा मेंदूविकार

बाळंतपणाला चार दिवस झाले आहेत. सकाळपासून डोके ठणकते आहे, दुपारी दिसेनासे होते आणि संध्याकाळी झटका येतो. घरच्यांना अशक्तपणा वाटतो किंवा फिट्सचा आजार. अशा वेळी सर्वांत आधी बीपी मोजले पाहिजे.

रक्तदाब कमीजास्त झाला तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या रक्तपुरवठा साधारण स्थिर ठेवतात. दाब वेगाने चढला की ही व्यवस्था कोलमडते, वाहिन्यांतून पाणी झिरपते आणि मेंदूला सूज येते. मेंदूच्या मागच्या भागात हे संरक्षण मुळात कमी असते आणि दृष्टीचे केंद्रही तिथेच आहे. म्हणून डोळे निरोगी असूनही दिसत नाही. याला पोस्टेरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपथी सिंड्रोम, थोडक्यात ‘प्रेस’ म्हणतात. १९९६ मध्ये हिंची व सहकाऱ्यांनी १५ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा विकार वेगळा ओळखला जाऊ लागला.

गर्भारपणातील व बाळंतपणानंतरचे झटके (एक्लॅम्प्सिया), मूत्रपिंडाचे आजार, ल्युपस, काही केमोथेरपी आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही औषधे, ही त्याची नेहमीची कारणे. औषधांमुळे झालेल्या ‘प्रेस’मध्ये बीपी फारसे वाढलेले नसूही शकते. सीटी स्कॅनमध्ये काही न दिसल्याने गाफील राहू नये. सूज एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते.

उपचार अतिदक्षता विभागात होतात. शिरेतून लॅबेटॅलॉल किंवा निकार्डिपिनसारखे औषध देऊन पहिल्या काही तासांत बीपी साधारण २० ते २५ टक्के उतरवतात, एकदम १२०/८० वर आणत नाहीत. दाब झपकन पडला तर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटतो. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी सवय म्हणूनच घातक. एक्लॅम्प्सियात मॅग्नेशियम सल्फेट हे मुख्य औषध, आणि बाळ पोटात असेल तर प्रसूती करावी लागते. औषध कारणीभूत असेल तर ते डॉक्टर बदलतात. रुग्णाने स्वतःहून बंद करू नये.

नावात ‘रिव्हर्सिबल’ असले तरी ते पूर्ण खरे नाही. बहुतेक जण काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरे होतात, पण उपचार लांबले तर रक्तस्राव, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यूही ओढवतो.

एक्लॅम्प्सियाचा धोका प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत असतो. या काळात बीपी १४०/९० किंवा जास्त आणि सोबत डोकेदुखी वा अंधूक दिसणे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १६०/११० असेल तर इतर त्रास नसला तरी लगेच.